तबकडी आणि यंत्र : क्रोनोग्राफ घड्याळांच्या जुळणीची परीक्षा

दोन वर्षांमागें मुंबईच्या चोरबाजारांत एक मनगटी घड्याळ माझ्या हातीं आलें. पोलादी घर, बाजूस दोन खटके, काळी तबकडी आणि तिच्यावर दोन लहान वर्तुळें, असा त्याचा थाट होता. डाव्या वर्तुळांत नेहमींचा सेकंदकांटा फिरत होता. उजव्या वर्तुळांत मिनिटांचा हिशेब ठेवणारा कांटा असून त्याच्या कडेस १५, ३०, ४५ असे आंकडे होते. विकणारानें, घड्याळ आंतबाहेर अस्सल आहे, कांहींएक बदललेलें नाहीं, अशी ग्वाही दिली. घरीं आणून वरचा खटका दाबला व शेजारीं दुसरें घड्याळ ठेवून पाहिलें, तों दहा मिनिटें झालीं असतां या गणकानें पंधरा दाखविलीं; वीस मिनिटांस तीस; आणि अर्ध्या तासानें कांटा पुरा फेरा करून ४५ च्या आंकड्यावर येऊन बसला. मोठा कांटा मात्र बिनचूक चालत होता. घड्याळ बिघडलेलें नव्हतें. यंत्र तिसांचा हिशेब करीत होतें आणि तबकडी पंचेचाळिसांचा.

पोथ्या जमविणारांस हा प्रकार नवा नाहीं. पहिलें पान एका लेखकाचें, पुढचीं दुसऱ्याचीं, फळ्या तिसऱ्याच ग्रंथाच्या, आणि वर बांधलेलें रेशमी फडकें कालपरवांचें, अशी बाडें प्रत्येकाच्या पाहण्यांत आलीं असतील. घड्याळांच्या बाबतींत हा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाहीं, आणि तो होण्याची वेळ आतां आली आहे. कारण जुन्या वळणाचीं क्रोनोग्राफ घड्याळें नव्यानें जुळवून करण्याचा नाद हल्लीं देशोदेशीं वाढला आहे. एकीकडून यंत्र, दुसरीकडून तबकडी, तिसरीकडून घर असें आणून हौशी माणसें १९४० किंवा १९६० च्या थाटाचें घड्याळ उभें करितात. त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु आजची ही हौस आणखी पन्नास वर्षांनीं साधन म्हणून कोणाच्या तरी हातीं पडणार आहे. जुळणी नीट कशी करावी आणि झालेली जुळणी कशी ओळखावी, हीं एकाच प्रश्नाचीं दोन अंगें होत.

प्रथम नांवाविषयीं. क्रोनोग्राफ म्हणजे काललेखक. १८२१ सालीं पॅरिस येथील शां द मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यतींत निकोला रिअसेक यानें वापरलेलें यंत्र खरोखरच लिहीत असे. कळ दाबतांच सुईवरील शाईचा ठिपका फिरत्या तबकडीवर पडे आणि घोडा कितव्या सेकंदास पोंचला त्याची खूण राही. पुढें जवळजवळ दोन शतकें या शोधाचा मान रिअसेकचाच समजला गेला. परंतु लुई मुआने यानें १८१६ मध्यें केलेलें एक यंत्र २०१३ सालीं जगापुढें आलें आणि तो मान पांच वर्षें मागें सरकला. अस्सल साधन उजेडांत येतांच मांडलेला पट कसा उलटतो, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगणें नको. शाई लवकरच गेली, नांव राहिलें. १८४४ सालीं आडोल्फ निकोल यानें हृदयाच्या आकाराच्या चकतीचें पेटंट घेतलें. तिच्यावर हातोडीसारखा तुकडा आपटला कीं कांटा कोठेंहि असो, तो शून्यावर परत येतो. आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफांतहि हीच चकती आहे. १९३४ मध्यें ब्राइटलिंग कंपनीनें निराळा दुसरा खटका दिला, आणि ज्या रूपाच्या नकला आज होतात तें रूप सिद्ध झालें.

या रूपाच्या भरभराटीच्या काळीं, म्हणजे १९३० नंतरच्या चाळीसएक वर्षांत, तबकडीवर ज्याचें नांव त्यानेंच सर्व घडविलें असें क्वचितच होई. स्वित्झर्लंडांत व्हालझू, व्हीनस, लँडेरॉन, लेमानिया यांसारखीं घराणीं कच्चीं यंत्रें तयार करीत. त्यांस तिकडे एबोश म्हणतात. तबकड्या निराळ्या कारखान्यांत होत, घरें आणखी तिसरीकडे. व्यापारी तीं एकत्र आणून वर आपलें नांव घाली. कागद एका गांवचा, अक्षर दुसऱ्याचें आणि शिक्का तिसऱ्याचा, असाच हा व्यवहार. यामुळें "सर्व भाग एका घराण्याचे आहेत काय?" हा प्रश्न येथें गैरलागू ठरतो. हीं अंगें प्रथम ज्या हातानें एकत्र केलीं ती जुळणी आजहि कायम आहे काय, एवढेंच विचारणें शक्य आहे. आणि त्याचें उत्तर तबकडीवरील नांव देत नाहीं, तबकडी व यंत्र यांचे परस्परसंबंध देतात.

त्यांतील अगदीं ठळक संबंध लहान वर्तुळांच्या जागेचा. यंत्रांतील जो आंस वर येतो त्याच्याच भोंवतीं वर्तुळ आंखावें लागतें. तबकडीवाल्यास तेथें स्वातंत्र्य नाहीं. व्हालझू ७२ या प्रसिद्ध यंत्रांत ९ च्या बाजूस चालता सेकंदकांटा, ३ च्या बाजूस तीस मिनिटांचा गणक आणि ६ वर बारा तासांचा गणक असतो. १९७० नंतरच्या दशकांत निघालेल्या व्हालझू ७७५० मध्यें वर्तुळें १२, ६ आणि ९ या ठिकाणीं आहेत. म्हणून ७७५० वर ७२ ची तबकडी कितीहि सुंदर असली तरी बसत नाहीं. खरा घोटाळा निराळ्या ठिकाणीं होतो. ईटीए २८९४ या यंत्रांत साध्या घड्याळावर क्रोनोग्राफचा थर चढविलेला असतो, आणि त्याचीं वर्तुळें जुन्याप्रमाणेंच ३, ६, ९ वर येतात. मात्र चालता सेकंद ३ कडे आणि मिनिटें ९ कडे असतात. दुरून पाहणारास तबकडी जुन्या घाटाची वाटते. खटका न दाबतां क्षणभर पाहत राहिलें, आणि उजवीकडचा कांटा फिरतांना दिसला, कीं सोंग उतरलें. बॅटरीवर चालणाऱ्या सेइको व्हीके६४ ची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. जुन्या वळणाच्या स्वस्त घड्याळांत तें पुष्कळदां असतें, आणि त्याच्या ३ कडच्या वर्तुळांत मिनिटेंहि नसतात व सेकंदहि नसतात. तेथें दिवसाचे चोवीस तास मोजले जातात. जुन्या तबकडीची रेघन् रेघ उतरवून घेणारानें तेथें ३० चे आंकडे छापले, तर तो गणक गणकच नव्हे.

दुसरा संबंध मापाचा. यंत्रांचीं मापें लिन्य या जुन्या फ्रेंच मापानें सांगण्याची चाल आहे. एक लिन्य म्हणजे सुमारें सव्वादोन मिलिमीटर. व्हालझू ७२ तेरा लिन्यांचें, म्हणजे २९ मि. मी. हून थोडें अधिक. जुनीं घरें बहुधा ३५ ते ३८ मि. मी. असत, त्यांत यंत्र भरून दिसे. आज गिऱ्हाइकास ४० व ४२ चें घर हवें असतें. घर वाढलें तरी यंत्रांतील आंसांमधील अंतर वाढत नाहीं; परिणामीं दोन्ही वर्तुळें मध्याकडे गोळा होतात आणि कडेस मोकळें रान उरतें. मोठ्या कागदावर लहान ठसा मारल्यासारखें तें दिसतें. याला उपाय नाहीं. जुना तोल हवा असेल तर घर लहान घ्यावें, हें मला तरी स्पष्ट दिसतें. मोठें घरच हवें असल्यास जुन्या तबकडीचा नाद सोडावा.

तिसरा पुरावा उलट बाजूस असतो आणि तो दुकानांत कोणी दाखवीत नाहीं. तबकडीच्या पाठीस दोन बारीक पाय डाखलेले असतात; ते यंत्रांतील नेमक्या भोकांत बसतात व बाजूच्या स्क्रूनें आवळले जातात. प्रत्येक यंत्राचीं हीं भोकें आपापल्या जागीं. परक्या यंत्रावर तबकडी बसवावयाची झाल्यास हे पाय छाटावे लागतात, आणि तबकडी चिकटपट्टीनें धरावी लागते किंवा नवे पाय लावावे लागतात. छाटलेल्या पायाचा खुंट दिसला, कीं ती तबकडी दुसऱ्या घरांतून आली हें ठरलें. नव्यानें घड्याळ जुळविणारानें तबकडी करवून घेण्यापूर्वीं पायांच्या जागा यंत्रावरून मोजून द्याव्या. चिकटपट्टीवर विसंबलेलें घड्याळ एखाद्या धक्क्यानें फिरतें आणि लहान कांटे वर्तुळांच्या मध्यावरून सरकलेले दिसूं लागतात.

येथें माझ्या घड्याळाकडे वळतों. एका जुन्या कारागिरानें तें माझ्या समोर उघडलें. दोलचक्राखालीं व्हालझू ७७३३ असा ठसा होता. हें यंत्र १९७० च्या सुमाराचें. व्हीनस कारखाना १९६६ मध्यें व्हालझूंत विलीन झाल्यावर व्हीनस १८८ च्या घडणीवरून जीं यंत्रें निघालीं त्यांपैकीं हें एक, आणि त्याचा गणक तीस मिनिटांचा. तेव्हां ४५ ची तबकडी परकी, असें मीं तत्काळ ठरवून टाकलें. कारागिरानें कांटे काढून तबकडी उलटी केली, तों दोन्ही पाय शाबूत आणि आपापल्या भोकांत बरोबर बसलेले! पत्रा याच यंत्राचा होता. मग भिंगाखालीं पाहिलें. लहान भोकाच्या कांठावरून काळा रंग आंत ओघळला होता, आणि एका टवक्याखालीं जुना चंदेरी रंग चमकत होता. तबकडी अस्सल होती, तिच्यावरचा लेख नव्हता. कोणीतरी डागाळलेली चंदेरी तबकडी खरवडून काळी केली आणि समोर ठेवलेल्या दुसऱ्याच घड्याळाचे आंकडे तिच्यावर उतरविले. जुना लेख ठोकून पुसलेला आणि तोच पत्रा पुन्हां कोरलेला असा ताम्रपट ज्यांनीं हाताळला आहे त्यांस याहून अधिक सांगावयास नको. पत्र्याची परीक्षा निराळी आणि लेखाची निराळी. एकीच्या निकालावरून दुसरीचा निकाल देऊं नये, हें मला ठाऊक असूनहि मीं घाई केली होती.

अशा पुनः रंगविलेल्या घड्याळांस परदेशीं संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणतात, आणि त्या शब्दांत तुच्छता असते. ती सर्वस्वीं अन्यायाची आहे असें म्हणवत नाहीं. पण ज्या घड्याळांची तबकडी ओलीनें व उन्हानें नासली होती, आणि ज्यांचे मालक नवें घड्याळ घेऊं शकत नव्हते, तीं याच कारागिरांच्या हातांनीं चालतीं राहिलीं, हीहि गोष्ट नोंदली पाहिजे. त्यांनीं चालतें घड्याळ देऊं केलें होतें; "अस्सल" हा शब्द मागाहून विकणारांनीं चिकटविला.

आतां जो पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो त्याकडे येऊं. यंत्राचें दोलचक्र तासाला ठराविक ठोके देतें. जुन्या क्रोनोग्राफांत ते बहुधा १८,००० असत, म्हणजे सेकंदास पांच. म्हणून मोठा कांटा सेकंदाच्या पांच उड्या घेतो आणि तबकडीच्या कडेस प्रत्येक सेकंदाचे पांच भाग आंखलेले असतात. २१,६०० ठोक्यांच्या यंत्रांत उड्या सहा. तेथें पांच भागांची रेघ निरर्थक होते, कारण मधल्या रेघांवर कांटा कधीं नेमका थांबतच नाहीं. ७७५० चे ठोके २८,८००, म्हणजे सेकंदास आठ. तेथें चार भाग शोभतात. तेव्हां भिंग घेऊन दोन सेकंदांमधील रेघा मोजल्या, कीं ही तबकडी कोणत्या जातीच्या यंत्रासाठीं आंखली होती हें कळतें. हा नियम मीं पुष्कळ दिवस बिनतोड मानीत असें.

तो बिनतोड नाहीं, हें एका अत्यंत प्रसिद्ध घड्याळावरून दिसून येतें. ओमेगा कंपनीचें स्पीडमास्टर १९५७ सालीं निघालें. त्यांतील ३२१ हें यंत्र लेमानियानें १९४२ मध्यें सिद्ध केलेल्या यंत्रावरून केलेलें. ठोके १८,००० आणि तबकडीवर पांच भाग, असा मेळ बरोबर होता. १९६८ मध्यें ३२१ जाऊन ८६१ आलें. ठोके २१,६०० झाले. तबकडी मात्र पांचच भागांची राहिली! ती चूक पन्नासांहून अधिक वर्षें चालली; २०२१ मध्यें ३८६१ हें यंत्र आणतांना कंपनीनें प्रत्येक सेकंदाचे तीन भाग करून सहा ठोक्यांशीं मेळ घातला. म्हणजे १९७५ सालच्या स्पीडमास्टरांत तबकडी व यंत्र यांचा मेळ नाहीं, आणि तो नसणें हेंच त्याच्या अस्सलपणाचें लक्षण. एखाद्या दक्ष माणसानें त्यावर तीन भागांची "बरोबर" तबकडी चढविली, तर ती जुळणी खोटी होईल. परंपरेंत चालत आलेला अशुद्ध पाठ संपादकानें शुद्ध करून छापला, म्हणजे जें होतें तेंच घडतें.

तबकडीवरील इतर मोजपट्ट्या, मग ती वेगाची असो, अंतराची असो वा वैद्याची नाडी मोजण्याची असो, यंत्राविषयीं कांहींच सांगत नाहींत. त्या मोठ्या कांट्याच्या एका मिनिटाच्या फेऱ्यावर आधारलेल्या असल्यानें कोणत्याहि यंत्रावर खऱ्याच ठरतात. त्या गिऱ्हाइकाचा धंदा सांगतात, एवढेंच. याउलट तबकडीच्या तळाशीं "स्विस" या शब्दाच्या दोहों बाजूंस असलेलें "टी" अक्षर कालनिर्णयास उपयोगी पडतें. अंधारांत चमकणाऱ्या लेपांत पूर्वीं रेडियम असे. १९६० नंतर त्याच्या जागीं ट्रिटियम आलें आणि हें अक्षर त्याची खूण होय. १९४५ च्या यंत्रावर तें दिसलें तर तबकडी मागाहूनची. नव्या घड्याळांत मात्र तो लेप मुद्दामच पिवळट तपकिरी रंगाचा करितात, वयानें आलेला वाटावा म्हणून. चहाच्या पाण्यांत बुडविलेले कागद ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस या कलेची ओळख आहेच.

जुन्या घाटाचें घड्याळ जुळवूं इच्छिणारास हे सर्व प्रश्न एकत्र कसे भेटतात, याचें उत्तम उदाहरण चीनमधील आहे. मूतिए येथील व्हीनस कारखान्याचें १७५ हें यंत्र १४ लिन्यांचें, १८,००० ठोक्यांचें, आणि त्याचा गणक पुष्कळदां ४५ मिनिटांचा असे. या यंत्राची कारखानदारीची सामग्री चीननें विकत घेतली आणि १९६१ सालीं तियानजिन येथील घड्याळ कारखान्याकडे वायुदलासाठीं क्रोनोग्राफ करण्याचें काम "३०४" या क्रमांकाखालीं सोंपविण्यांत आलें. १९६३ मध्यें नमुने झाले, १९६५ च्या अखेरीस मान्यता मिळाली, आणि वायुदलास सुमारें १,४०० घड्याळें गेलीं. इतकी थोडी संख्या असल्यानें मूळ घड्याळ दुर्मिळ. चालू शतकांत त्या घाटाचें घड्याळ पुन्हां निघालें. त्यांतील एसटी१९ हें यंत्र व्हीनस १७५ चें सरळ वंशज आहे. स्तंभचक्र तेंच, वर्तुळें ३ आणि ९ वरच. पण ठोके २१,६०० झाले आहेत आणि गणक तीस मिनिटांचा आहे.

हें यंत्र स्वस्त असल्यानें हौशी माणूस हटकून तेंच घेतो, आणि १९४५ च्या एखाद्या व्हीनस घड्याळाचें छायाचित्र समोर ठेवून तबकडी करवितो. चित्राशीं तो जितका प्रामाणिक राहील तितकी तबकडी यंत्राशीं खोटी होईल. ४५ चे आंकडे ३० करावे लागतात, पांच भागांचे तीन करावे लागतात, आणि ४२ मि. मी. चें घर घेतल्यास वर्तुळें कोठें येतील हें आधीं कागदावर कंपासानें काढून पाहावें लागतें. म्हणून यंत्र आधीं ठरवावें, तबकडी मागाहून. कांट्यांचीहि तीच कथा: त्यांचीं भोकें यंत्राच्या आंसांच्या जाडीप्रमाणें असतात, आणि तबकडी जाड झाली तर लहान कांटे आंसावर नीट बसत नाहींत. तारखेची खिडकी नसलेली तबकडी तारखेच्या यंत्रावर बसविली, तर चावी ओढतांना मधला एक टप्पा रिकामा लागतो. बाहेर कांहीं दिसत नाहीं, पण बोटांस कळतें. विकत घेणारानें चावी ओढून पाहावी ती याचसाठीं.

तियानजिनचें एसटी१९ मी नक्कल मानीत नाहीं. एका मूळ पोथीवरून परदेशीं उतरलेली आणि पुढें तेथेंच वाढलेली शाखा, अशी त्याची योग्यता आहे. त्या कारखान्याशीं संबंध नसलेले अनेकजण आज "१९६३" या नांवानें तीच तबकडी तीन-चार मापांत विकतात, त्यांची गोष्ट निराळी. हीं घड्याळें आज ओळखतां येतात, कारण आज तीं नवीं आहेत. काच खरवडली, लेप खरोखरच पिवळा पडला आणि कागदपत्र गहाळ झाले, कीं १,४०० मूळ घड्याळांचीं हजारों होतील.

घड्याळ दुरुस्त करणारांची एक जुनी चाल आहे. मागचें झांकण लावण्यापूर्वीं ते त्याच्या आंतील बाजूस अणकुचीदार सळईनें आपली खूण व तारीख ओढून ठेवितात. पोथीच्या शेवटीं लेखकानें काळ व स्थळ नोंदावें तशी. नव्यानें घड्याळ जुळविणारांनीं ही चाल उचलावी, आणि यंत्र, तबकडी, घर कोठून आणलें व जुळणी कधीं केली हें त्या झांकणांत लिहावें, असें माझें त्यांस सांगणें आहे. तबकडीची शोभा यानें रेघभरहि कमी होत नाहीं.

माझ्या घड्याळाच्या झांकणांत अशा तीन खुणा निघाल्या. दोन पुसट असून वाचतां आल्या नाहींत. तिसरींत "७९" एवढेंच स्पष्ट आहे, आणि काळा रंग चढला तो तेव्हां कीं नंतर, हें त्यावरून ठरत नाहीं. तबकडी पुन्हां चंदेरी करून देऊं काय, असें कारागिरानें विचारलें. मीं नको म्हटलें. यंत्र पुसून तेल देऊन, काळी तबकडी तशीच ठेवून त्यानें घड्याळ बंद केलें, तत्पूर्वीं त्या तीन खुणांच्या खालीं माझ्या सांगण्यावरून त्यानें आपली खूण, तारीख आणि दोन ओळी कोरल्या: "पत्रा मूळचा, लेख नंतरचा. गणक जें दाखवील त्याचे दोन तृतीयांश घ्यावे."